कानासाठी लिहिणारा: स्पाइक मिलिगन

रेडिओवरच्या विनोदात आवाज लोकांच्या लक्षात राहतो, लिहिणारा राहत नाही. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी ज्यांनी ऐकले, त्यांना ते आजही घरातल्या माणसासारखे आठवतात. पण त्या दिवशीची श्रुतिका कोणी लिहिली होती असं विचारलं, तर बहुतेकांना सांगता यायचं नाही. इंग्लंडातही हेच झालं. पीटर सेलर्स हे नाव इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही माहीत असतं. पण ज्या कार्यक्रमाने सेलर्सला घडवलं तो ‘द गून शो’, आणि आठवड्यामागून आठवडा तो लिहून काढणारा स्पाइक मिलिगन, हे दोघेही मराठी वाचकाला जवळजवळ अनोळखी आहेत. हा माणूस अहमदनगरला जन्मला आणि पुण्यात वाढला, हे कळल्यावर ही अनोळख जास्तच खटकते.

ती दूर करावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मिलिगनविषयी इंग्रजीत ढिगाने लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बरंचसं ‘वेडा प्रतिभावंत’ या दोन शब्दांपाशी येऊन थांबतं. तो आजारी होता, म्हणून त्याला असलं अचाट काहीतरी सुचत होतं, असा त्या लेखनाचा सूर असतो. मला हे मुळीच पटत नाही. त्याच्या संहिता जितक्या वेळा ऐकाव्यात तितकं हेच दिसतं, की तो अत्यंत शिस्तीचा, पुन्हा पुन्हा खोडून लिहिणारा, अर्ध्या सेकंदाच्या विरामासाठी भांडणारा कारागीर होता. आजाराने त्याला काही दिलं नाही. जे होतं त्यातलं बरंच हिरावून मात्र घेतलं.

टेरेन्स अॅलन मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा. बाप लिओ मिलिगन मूळचा आयर्लंडचा, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी लष्करात नोकरीला. आई फ्लॉरेन्स इंग्लिश. दोघांनाही गाण्या-बजावण्याचा नाद होता. छावणीतल्या सैनिकांसमोर लिओ नाचगाण्यांचे कार्यक्रम करी, त्याला अमेरिकी काउबॉयचं सोंग घ्यायची भारी हौस. म्हणजे पोरगं जन्मलं ते तोफखान्यात आणि रंगमंचावर एकदमच. पुण्यात ‘कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी’मध्ये त्याची शाळा सुरू झाली, पुढे बापाची बदली झाली तसं रंगूनला शिक्षण झालं.

पुण्याच्या लष्कर भागातलं ते जग आज आपल्याला जुन्या बंगल्यांच्या भिंतींवरूनच कल्पावं लागतं. परेडचे बिगुल, मेसमधल्या मेजवान्या, हुकूम सोडणारे साहेब आणि ते हुकूम स्वतःच्या मराठीत नाहीतर हिंदुस्तानीत घोळवून घेणारे नोकर. एका मुलाच्या कानावर दिवसभर इतके वेगवेगळे उच्चार आणि हेल पडत असले, तर त्याचं काय होत असेल? मिलिगनच्या बाबतीत त्याचं उत्तर मिळतं. पुढे तीस वर्षांनी त्याने जी पात्रं लिहिली ती सगळी आधी आवाज म्हणून जन्मली. त्यातला मेजर डेनिस ब्लडनॉक हा पेन्शनीत निघालेला, लाच खाणारा, पळपुटा, मसालेदार कालवणाने पोट बिघडलेला साहेब तर सरळ छावणीतून उचललेला आहे. इंग्लंडातल्या दुसऱ्या कुठल्याही विनोदी लेखकाला साम्राज्य हे नकाशावरचा तांबडा रंग म्हणून माहीत होतं. मिलिगनने ते न्हाणीघराच्या दारापासून पाहिलं होतं, आणि म्हणून त्याला त्याचा धाक कधीच वाटला नाही.

लष्करातल्या कपातीत बापाची नोकरी गेली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब लंडनच्या आग्नेय भागात येऊन पडलं. नोकरचाकर, ऊन, मोकळं आवार हे सगळं एका बोटप्रवासात संपलं. त्या जागी आली थंडी आणि ओढगस्त. मिलिगन पडेल ते काम करत होता आणि संध्याकाळी वाद्यवृंदात ट्रम्पेट, गिटार वाजवत होता. ‘स्पाइक’ हे नावसुद्धा त्याने स्पाइक जोन्स या अमेरिकी बँडवाल्यावरून घेतलं. तो मुळात वादक होता, हे विसरून चालणार नाही. ताल चुकलेलं वाक्य त्याला सहन होत नसे.

मग महायुद्ध. मिलिगन तोफखान्यात, आधी इंग्लंडच्या किनाऱ्यावर, मग उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत. ट्युनिशियात त्याच्या तुकडीची एक अवजड तोफ घसरून कड्यावरून खाली गेली आणि खालच्या तळावर एका वायरलेसच्या गाडीजवळ जाऊन आदळली. त्या गाडीत हॅरी सेकंब नावाचा वेल्श सैनिक होता. थोड्या वेळाने गाडीचा पडदा बाजूला सारून एकाने आत डोकं घातलं आणि आमची तोफ इकडे कुठे दिसली का, अशी चौकशी केली. तो मिलिगन. ‘गून शो’चा नायक आणि लेखक यांची ही पहिली भेट दोघांनीही जन्मभर सांगितली. तिच्यात पुढच्या सगळ्या कार्यक्रमाचं बीज आहे: मरण हातभर अंतरावरून गेलेलं आणि माणूस हरवलेल्या सामानाची चौकशी करतो आहे.

इटलीतली गोष्ट मात्र हसण्याची नाही. जानेवारी १९४४ मध्ये कॅसिनोच्या आघाडीवर उखळी तोफेचा गोळा जवळ फुटून मिलिगन जखमी झाला. पायाची जखम भरली. पण तोफ उडाली की रडू कोसळायचं, बोलताना जीभ अडखळायची. वरिष्ठांनी याला भित्रेपणा ठरवलं आणि त्याची होती नव्हती ती पायरी काढून घेतली. हा घाव त्याच्या मनातून गेला नाही. १९७१ पासून त्याने युद्धाच्या आठवणींचे सात खंड लिहिले. त्यातला पहिला, ‘अॅडॉल्फ हिटलर: माय पार्ट इन हिज डाउनफॉल’, सर्वात गाजला. त्या हसऱ्या पुस्तकांतही कॅसिनो आलं की लेखणीचा सूर बदलतो.

युद्धानंतर लंडनच्या व्हिक्टोरिया भागात ‘ग्राफ्टन आर्म्स’ नावाच्या पबमध्ये ही मंडळी जमू लागली. पबचा मालक जिमी ग्राफ्टन स्वतः रेडिओसाठी विनोदी संहिता लिहीत असे. मिलिगनला राहायला जागा नव्हती. ग्राफ्टनने त्याला माळ्यावर ठेवून घेतलं आणि आपल्या लिखाणात मदतीला लावलं. विनोदाचा तुकडा किती लांबवायचा, हशा कुठे पाडायचा, निर्मात्याला काय चालतं आणि काय नाही, हा धंद्याचा पाया त्याने इथे शिकून घेतला. सेकंब, सेलर्स, मायकेल बेंटिन आणि मिलिगन हे चौघे तिथे संध्याकाळी एकमेकांना हसवत बसत. त्या हसण्याचं ध्वनिमुद्रण करून बीबीसीच्या गळी उतरवायला बराच काळ गेला. अखेर २८ मे १९५१ रोजी पहिला भाग प्रसारित झाला. बीबीसीने कार्यक्रमाला नाव दिलं ‘क्रेझी पीपल’. ‘गून’ हा शब्द मिलिगनने पॉपायच्या चित्रकथेतून उचलला होता आणि त्याला तेच नाव हवं होतं. ते १९५२ मध्ये मिळालं.

सुरुवातीला सुमारे ३ लाख ७० हजार लोक ऐकत होते. पहिली मालिका संपेतो तो आकडा २० लाखांच्या आसपास गेला. यामागचं कारण समजून घ्यायला त्या काळचं इंग्लंड डोळ्यांपुढे आणावं लागतं. युद्ध जिंकून सहा वर्षं झाली होती तरी रेशनचं कूपन सुटलं नव्हतं, ते १९५४ मध्ये सुटलं. जवळजवळ प्रत्येक तरुणाने वर्दी घातलेली, मूर्ख हुकूम मुकाट्याने पाळलेले. वर तेच साहेब, तेच उच्चार, तीच ऐट. आणि रविवारी दुपारी रंगीत तालीम करून संध्याकाळी तीन माजी सैनिक मायक्रोफोनसमोर उभे राहून त्या सगळ्याची वाट लावत होते. बेंटिन दोन मालिकांनंतर बाहेर पडला होता, उरले सेकंब, सेलर्स आणि मिलिगन. साहेब मंडळींपेक्षा शिपायांनी आणि शाळकरी मुलांनी हा कार्यक्रम उचलून धरला, यात नवल नाही.

अर्ध्या तासाचा हा कार्यक्रम बनायचा कसा, हे थोडं तपशिलाने सांगतो, कारण लेखकाचं काम त्यात दडलेलं आहे. बहुतेक भागांचं ध्वनिमुद्रण लंडनच्या कॅम्डन थिएटरमध्ये, समोर प्रेक्षक बसवून होई. रंगमंचावर वॉली स्टॉटचा वाद्यवृंद, रे एलिंग्टनचे चार वादक, माउथ ऑर्गनवाला मॅक्स गेल्ड्रे आणि बीबीसीचा खराखुरा, अतिशय सभ्य आवाजाचा निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड. एका बाजूला ध्वनिपरिणामांची माणसं: त्यांच्याजवळ चौकटीसकट दार, पावलं वाजवायला खडीचं ताट, आणि ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्या फिरवणारी यंत्रं. तोवर रेडिओवर हे सगळं केवळ खुणेपुरतं असे. दार वाजलं म्हणजे कुणी आलं, पावलं वाजली म्हणजे कुणी गेलं. मिलिगनने संहितेत ध्वनीला पात्राचा दर्जा दिला. त्याच्या कार्यक्रमात पळत निघालेल्या माणसाच्या पावलांचा वेग वाढत वाढत विमानाइतका होतो. दार उघडलं की आत समुद्र असतो. स्फोट झाल्यावर काही क्षण शांतता पसरते, आणि मग एक लहानसं भांडं घरंगळत येऊन थांबतं. शेवटचा हा लहानसा आवाज नसेल तर हशा निम्मा पडतो. तो कुठे येणार हे लेखकाने कागदावर लिहून ठेवलेलं असे.

एकदा त्याला कस्टर्डने भरलेला पायमोजा भिंतीवर आपटल्याचा आवाज हवा होता. बीबीसीच्या कँटीनमधल्या बाईंनी त्याच्यासाठी आपुलकीने ताजं कस्टर्ड करून दिलं. ते त्याने स्वतःच्या मोज्यांत ओतलं, फळीवर आपटून पाहिलं, आणि मनासारखा आवाज आला नाही म्हणून दुसरं काहीतरी शोधायला लागला, असं सांगतात. ही गोष्ट त्याच्या वेडेपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला ती नेमकी उलट वाटते. आवाज खोटा निघाला म्हणून तो त्याने टाकून दिला. ही चोखंदळ कारागिराची रीत झाली. बीबीसीची ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ ही ध्वनिप्रयोगशाळा १९५८ मध्ये निघाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या कामांत मेजर ब्लडनॉकच्या पोटातली गुडगुड तयार करणं होतं.

त्याच्या लेखनाचा नमुना म्हणून मी नेहमी एका प्रसंगाकडे बोट दाखवतो. एकल्स हा मिलिगनने स्वतः केलेला मंदबुद्धी, भलामाणूस, आणि ब्लूबॉटल हा सेलर्सने केलेला शाळकरी पोरगा, असे दोघेच आहेत. पोरगा वेळ विचारतो. एकल्सकडे घड्याळ नाही, पण कुण्या सद्गृहस्थाने त्याला कागदावर वेळ लिहून दिली आहे: आठ. कुणी विचारलं की तो कागद पाहतो. पोराला शंका येते. आठ वाजलेले नसतील तेव्हा काय? तेव्हा तो कागद दाखवत नाही. पण आठ वाजले हे कळणार कसं? कागदावर लिहिलेलं आहे ना! हा संवाद चढत चढत जातो आणि शेवटी त्या पोरालाही तसाच एक कागद हवाहवासा वाटू लागतो. संबंध प्रसंगात एकही कोटी नाही, कुणाची टवाळी नाही. दोन माणसं अत्यंत प्रामाणिकपणे, पायरी न सोडता विचार करताहेत. प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तराशी सुसंगत आहे आणि सगळं मिळून अशक्य आहे. असा संवाद झटक्यात सुचत नाही. त्यात एक शब्द जास्त झाला तरी तो कोसळतो. शिवाय तो रेडिओवरच खुलतो, कारण तो कागद आपल्याला दिसत नाही, आपण तो मनातल्या मनात वाचत असतो.

दुसरा नमुना ‘नेपोलियन्स पियानो’ या १९५५ च्या भागाचा. नायक नेडी सीगून याला पाच पौंडांचं काम मिळतं: एका खोलीतला पियानो दुसऱ्या खोलीत हलवायचा. करारावर सही झाल्यावर कळतं, की पहिली खोली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि दुसरी इंग्लंडात. मग पियानो समुद्रात ढकलून त्यावर बसून खाडी पार करणं आलंच. चित्रपटात हे दाखवायचं तर केवढा खर्च, आणि दाखवल्यावर गंमत उरेलच असं नाही. रेडिओत पियानोचे चार सूर आणि लाटांचा आवाज एवढ्यावर भागतं. उरलेला समुद्र श्रोता पुरवतो.

आणि हा लेखक आपल्या पोशिंद्यालाही सोडत नव्हता. ऑर्वेलच्या ‘१९८४’चं नाट्यरूप डिसेंबर १९५४ मध्ये बीबीसी टेलिव्हिजनवर आलं आणि देशभर खळबळ उडाली. पुढच्याच महिन्यात मिलिगन आणि एरिक साइक्स यांनी लिहिलेला ‘१९८५’ हा भाग प्रसारित झाला. त्यात जुलमी राजवट म्हणजे ‘बिग ब्रदर कॉर्पोरेशन’, आणि कैद्याला शिक्षा म्हणून बीबीसीचेच लोकप्रिय कार्यक्रम ऐकवले जातात. हे प्रसारित करणाऱ्या बीबीसीचंही श्रेय मान्य केलं पाहिजे.

एका हंगामात पंचवीस-तीस भाग. सेकंब आणि सेलर्स रविवारी ताजेतवाने येत, कार्यक्रम गाजवत आणि आपापल्या नाटक-सिनेमाकडे परतत. मिलिगनचा मात्र सोमवारी कोरा कागद सुरू व्हायचा. लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स हे त्याचे मुख्य सहलेखक. पण लेखनाचा भार वाहिला तो मिलिगननेच. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका भाजी-फळांच्या दुकानावरच्या मजल्यांवर मिलिगन, साइक्स, रे गॅल्टन आणि अॅलन सिम्प्सन यांनी मिळून ‘असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स’ ही लेखकांची स्वतःची संस्था थाटली. गॅल्टन-सिम्प्सन ही जोडी म्हणजे ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ आणि पुढे टेलिव्हिजनवर ‘स्टेप्टो अँड सन’ लिहिणारे. ते एकेक वाक्य घासून पुसून पुढे जात. मिलिगनची रीत निराळी. तो एका बैठकीत शेवटापर्यंत टंकून काढायचा. एखादं वाक्य सुचलं नाही तर त्या जागी सरळ एक शिवी टंकायची आणि पुढे जायचं. मग दुसरा खर्डा, तिसरा, चौथा. दर खेपेला शिव्या कमी होत आणि वाक्यं वाढत. दहाव्या खर्ड्याच्या सुमारास संहिता तयार. शेजारच्या खोलीतून हे पाहणाऱ्या गॅल्टन-सिम्प्सननीच हे सांगून ठेवलं आहे. ज्यांना मिलिगन म्हणजे ‘सुचेल ते बरळणारा’ वाटतो त्यांनी या दहा खर्ड्यांचा विचार करावा.

या संस्थेविषयी इंग्रजीतही कमीच बोललं जातं, म्हणून थोडं अधिक. रेडिओ-टेलिव्हिजनच्या विनोदी लेखकाला तोवर काडीची किंमत नव्हती. तो नटाचा पगारी माणूस असे, नाहीतर निर्मात्याचा. इथे लेखक स्वतः एकत्र आले, स्वतःचं कार्यालय, स्वतःची करारमदार. नवशिक्यांना तिथे दार उघडं होतं. टेरी नेशन नावाचा एक वेल्श तरुण नशीब काढायला लंडनला येऊन तिथे पोचला. मिलिगनला तो उपाशी दिसला. त्याने त्याच्या हातावर १० पौंड ठेवले आणि ‘गून शो’साठी नमुन्याची संहिता लिहून आणायला सांगितलं. याच नेशनने पुढे ‘डॉक्टर हू’ मालिकेतले डेलेक हे यंत्रराक्षस निर्माण केले. विनोदी लेखक जॉनी स्पाइटही त्याच जिन्याने वर आला. ब्रिटिश टेलिव्हिजनच्या विनोदाचा अर्धा इतिहास त्या भाजीवाल्याच्या डोक्यावर लिहिला गेला.

आता आजार. डिसेंबर १९५२ मध्ये, घरात पहिली मुलगी नुकतीच जन्मलेली असताना, मिलिगन कोसळला. बटाटे सोलायची सुरी घेऊन तो शेजारी राहणाऱ्या सेलर्सला मारायला निघाला. त्याला इस्पितळात ठेवावं लागलं आणि तिसऱ्या मालिकेच्या बऱ्याच भागांत तो नव्हता. आयुष्यात असे किमान दहा मोठे झटके त्याला आले. आजचं वैद्यक ज्याला बायपोलर म्हणतं तो हा विकार. युद्धाने त्याला फोडलं होतंच, दर आठवड्याच्या मुदतीने ती भेग बुजू दिली नाही. त्याबद्दल त्याने लाज बाळगली नाही आणि बढाईही मारली नाही. उतारवयात मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्याने नैराश्यावर एक पुस्तक लिहिलं, ते १९९३ मध्ये आलं. ज्या काळात लोक या दुखण्याचं नावही घेत नसत त्या काळापासून तो जाहीरपणे बोलत आला होता. त्याच्या विनोदाइतकाच हा धीटपणाही मला मोठा वाटतो. म्हणूनच ‘वेड आणि प्रतिभा’ ही जोडी जमवून त्याच्या यातनांना शोभेची वस्तू करणं मला अन्यायाचं वाटतं.

मराठी वाचकाने, भारतीय वाचकाने, मिलिगनला एक प्रश्न विचारायलाच हवा. ‘गून शो’त लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदी पात्रं येतात. सेलर्स आणि मिलिगनच ती करत. त्यांचे हेल आज कानाला टोचतात. तरी रेडिओवरच्या त्या प्रसंगांत अधिक मूर्ख ठरतो तो बहुधा गोरा साहेबच. टेलिव्हिजनवर मात्र हा तोल सुटला. १९६९ मध्ये जॉनी स्पाइटने लिहिलेल्या ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत मिलिगनने चेहऱ्याला काळा रंग फासून पाकिस्तानी वंशाच्या कामगाराचं काम केलं. सहा भागांनंतर ती बंद पडली. १९७५ मध्ये त्याने स्वतः सहलेखनाने तसलंच काही ‘द मेल्टिंग पॉट’मध्ये केलं. पहिला भाग दाखवल्यावर बीबीसीने बाकीचे दाखवलेच नाहीत. मी इथेच जन्मलो, ही माणसं माझी आहेत, अशी त्याची समजूत होती. पण लंडनच्या रस्त्यावर रोज शिव्या खाणाऱ्या स्थलांतरिताला त्या समजुतीचा काही उपयोग नव्हता. मिलिगनवर प्रेम असूनही या दोन कामांची बाजू मला घेता येत नाही. हे पुस्तकही ती घेत नाही.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या कायद्याने त्यालाच परका ठरवलं. ज्या देशासाठी तो लढून जखमी झाला तिथे नागरिकत्वाचे नियम बदलले आणि त्याचा पासपोर्टवरचा हक्क राणीच्या शपथेवर अडला. त्याने शपथ घेतली नाही. बापाच्या आयरिशपणामुळे १९६२ मध्ये तो आयर्लंडचा नागरिक झाला. पुढे सर किताब मिळाला तोही परदेशी माणसाला देतात तसा, मानद.

‘गून शो’चा नियमित शेवटचा भाग २८ जानेवारी १९६० रोजी झाला. १९७२ मध्ये बीबीसीच्या पन्नाशीनिमित्त तिघे पुन्हा एकदा उभे राहिले, तेवढंच. दरम्यान टेलिव्हिजनही सुरू होतं. व्यापारी वाहिनी १९५५ मध्ये निघाली आणि लगेच १९५६ मध्ये रिचर्ड लेस्टरच्या दिग्दर्शनाखाली ‘अ शो कॉल्ड फ्रेड’सारखे कार्यक्रम आले. याच लेस्टरने पुढे बीटल्सचा पहिला चित्रपट केला. बीटल्सची पोरं ‘गून शो’ ऐकत मोठी झालेली होती, आणि त्यांचा ध्वनिमुद्रण-निर्माता जॉर्ज मार्टिन आधी सेलर्स-मिलिगनच्या तबकड्या काढत होता. पण टेलिव्हिजनवरचं मिलिगनचं खरं मोठं काम म्हणजे मार्च १९६९ मधला ‘क्यू ५’. नाटुकल्याला शेवट असलाच पाहिजे, शेवटी टाळीचं वाक्य आलंच पाहिजे, हा नियम त्याने मोडला. प्रसंग रंगात आला की सोडून द्यायचा. नट पुढे काय करायचं अशा गोंधळात प्रेक्षकांकडे सरकत येतात. पोशाखांवर बीबीसीच्या कपडेपटाच्या चिठ्ठ्या तशाच लटकत असतात. त्याच सुमारास नवा कार्यक्रम आखत बसलेल्या टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन यांनी ते पाहिलं आणि आपण करणार होतो ते हा करून मोकळा झाला म्हणून हबकले. त्यांनी त्याचाच दिग्दर्शक इयन मॅकनॉटन मागून घेतला. ऑक्टोबरमध्ये ‘माँटी पायथन’ सुरू झालं. जगभर गाजलं ते पायथन. ‘क्यू ५’चे बरेच भाग बीबीसीने फिती पुन्हा वापरायला म्हणून पुसून टाकले. तरीही मला मिलिगन रेडिओतच मोठा वाटतो. टेलिव्हिजनवर त्याला स्वतःच्याच विनोदाला हसताना पाहावं लागतं. रेडिओत केवळ लेखन उरतं.

मुलांसाठी त्याने लिहिलेल्या निरर्थक कविता, ‘पकून’ ही आयरिश सरहद्दीवरची कादंबरी, जॉन अँट्रोबसबरोबरचं ‘द बेड सिटिंग रूम’ हे अणुयुद्धानंतरचं नाटक, यांचा परिचय पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतो, म्हणून इथे थांबत नाही. २७ फेब्रुवारी २००२ रोजी तो गेला, वय ८३. चौघांपैकी शेवटचा.

वाचकाला एक विनंती करतो. या पुस्तकातले प्रसंग वाचायच्या आधी किमान एक भाग ऐकावा. बीबीसीच्या परदेशांसाठीच्या विभागाने १९५४ पासून या कार्यक्रमाच्या प्रती जपल्या, त्यामुळे शंभराहून कितीतरी जास्त भाग आज नीट ऐकायला मिळतात. सुरुवात ‘नेपोलियन्स पियानो’ने करावी. पहिल्या वेळी उच्चार पकडता येणार नाहीत, निम्म्या कोट्या त्या काळच्या इंग्लंडाबद्दलच्या असल्यामुळे निसटतील. त्याने नाउमेद होऊ नये. दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त आवाज ऐकावेत: दार कधी उघडतं, पावलं किती वेळ चालतात, शांतता किती लांब आहे. मग पुस्तक उघडावं.